"म्याडम, माह्या डोक्यात गोटा झाला"

नामदेवभाऊ (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) खुर्चीच्या कडेवर बसले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिच्यात सातबारा, पीककर्जाचे कागद आणि सगळ्यांत वर सीटी स्कॅनचा रिपोर्ट. त्यातल्या एका ओळीखाली भाच्याने निळ्या पेनाने तीनदा रेघ ओढली होती. कागद त्या जागी फाटायला आला होता.

"म्याडम, माह्या डोक्यात गोटा झाला. भाच्यानं व्हिडिओ दाखवला. त्यात सांगतलं का हा तिसरा डोळा हाये अन् तो बंद झाला का माणूस वाया जाते. आपल्या बोअरच्या पाण्यानं होते म्हणे थे. दीड महिना झाला, मले झोप नाई."

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पाच एकर वावर, वय शेहेचाळीस. दुचाकीवरून पडले म्हणून स्कॅन काढला होता. डोक्याला काही झालेलं नव्हतं आणि तसं रिपोर्टात लिहिलंही होतं. पण खाली पिनिअल ग्रंथीत कॅल्शियम साठल्याची नोंद होती, आणि ती त्यांना कुणी समजावून सांगितली नव्हती. गेल्या दोन-तीन वर्षांत हीच ओळ घेऊन माझ्याकडे आलेले ते काही पहिले नव्हेत.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. म्हणून आधी आमच्या फिजिशियन सरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी पाहून मान हलवली आणि सांगितलं, यात घाबरण्यासारखं काही नाही. मग मी भाऊंना कागदावर डोक्याचं चित्र काढून दाखवलं.

मेंदूच्या अगदी मध्यभागी, मागच्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढी ही ग्रंथी असते. त्या दाण्यात वयानुसार कॅल्शियमचे बारीक कण जमतात. मोठ्या माणसांच्या स्कॅनमध्ये ते सर्रास दिसतात, त्यांना काही त्रास नसला तरी. सीटी स्कॅन नव्हते तेव्हा साध्या एक्स-रेवर हेच कण पांढऱ्या ठिपक्यासारखे उमटायचे. डॉक्टर त्या ठिपक्यावरून मेंदूचा मध्य ओळखायचे, आणि ठिपका एका बाजूला सरकलेला दिसला तर आत काही दाबतंय का याचा शोध घ्यायचे.

"म्हणजे बांधावरचा हद्दीचा गोटा," भाऊ म्हणाले. मला याहून चांगली उपमा सुचली नसती.

काळजी कधी करायची, तेही त्यांना सांगितलं, कारण नुसतं 'काही नाही' ऐकून कुणाचं समाधान होत नाही. लहान मुलाच्या स्कॅनमध्ये असे कण दिसले, ग्रंथीच मोठी दिसली, किंवा सकाळी उठताना डोकं दुखून उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, डोळे वर फिरवता येत नाहीत, असं काही असेल तर लगेच डॉक्टर गाठायचा. भाऊंना यातलं काहीच नव्हतं.

तिसऱ्या डोळ्याचा प्रश्न मी टाळला नाही. भाऊ महादेवाचे भक्त आहेत, दर सोमवारी उपास धरतात. त्यांच्या श्रद्धेला हात लावायचं मला काही कारण नव्हतं. फक्त ती ग्रंथी आणि ही श्रद्धा वेगवेगळ्या ठेवायच्या होत्या. मासे, बेडूक, काही सरडे यांच्यात ही ग्रंथी किंवा तिचा जोडीदार अवयव खरोखरच थेट उजेड ओळखतो. माणसात मात्र तिला स्वतःला काही दिसत नाही. फ्रान्सचा तत्त्वज्ञ देकार्त याने सतराव्या शतकात तिला आत्म्याचं ठिकाण म्हटलं होतं. तिचं खरं काम पुष्कळ नंतर उलगडलं. 1958 साली अमेरिकेत ॲरन लर्नर यांनी गाई-बैलांच्या पिनिअल ग्रंथींतून मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक वेगळं काढलं.

"तुमच्याकडे म्हैस आहे ना? ती माजावर केव्हा येते?"

"दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात मुकीच रायते."

रात्र मोठी होऊ लागली हे म्हशीच्या शरीराला हीच ग्रंथी कळवते. अंधार पडला की मेलॅटोनिन पाझरू लागतं, आणि रात्र जितकी लांब तितका वेळ पाझरत राहतं. माणसात हे संप्रेरक झोपेच्या वेळेआधी दोनेक तास वाढायला लागतं, मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि उजाडता उजाडता उतरतं. ते झोपेचं औषध नव्हे. रात्र झाली, एवढा निरोप ते सगळ्या शरीराला देतं. उजेडाची खबर डोळ्यांच्या पडद्यापासून मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जाते, तिथून मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीतून फिरून परत वर ग्रंथीकडे येते. डोळ्यांवर प्रकाश पडला की पाझर थांबतो.

भाऊ जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या गावात हायमास्ट लायटीखाली एक वावर हाये. तिथलं सोयाबीन हिरवंच रायते. बाकीचं वाळते, थे वाळतच नाई."

तेवढ्यात मला बोलायची दिशा सापडली. सोयाबीनला पिनिअल ग्रंथी नाही, त्याची रात्र मोजायची रीत वेगळी. पण रात्र मोजायची गरज त्यालाही आहे. मी विचारलं, "आणि भाऊ, तुमची रात्र कशी जाते?"

मग सगळं बाहेर आलं. हरभऱ्याला ओलित चालू होतं. थ्री फेज लाइन आठवड्यातल्या काही दिवशी रात्री दहाला येते, त्या रात्री दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे. कपाळावर पांढऱ्या उजेडाची एलईडी बॅटरी. ओलित नसेल तेव्हा डुकरं आणि रोही हाकलायला जागल. घरी असले की उशाला मोबाइल आणि त्यात पिनिअलचेच व्हिडिओ, कारण एक पाहिला की पुढचा आपोआप येतो. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रातभर मोबाइल पायतेत, मंग पायटं आढ्याकडं पायत पडून रायतेत."

ग्रंथी तिचं काम करायला तयार होती. भाऊंची रात्रच तिच्या हाती लागत नव्हती.

आपल्या भागात झोप गेलेल्या माणसाला मी एक प्रश्न विचारल्याशिवाय घरी पाठवत नाही. "जीव नकोसा वाटतो का? मरणाचा विचार मनात येऊन जातो का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. भाऊंनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. "एकदोनदा आला." त्याच दिवशी संध्याकाळी वहिनींनी फवारणीची सगळी औषधं दिराच्या कुलपाच्या खोलीत नेऊन ठेवली. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. रात्री-अपरात्री कधीही बोलता यावं म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक वहिनींच्या फोनमध्ये टाकून दिला.

झोपेचं गणित आम्ही तिघांनी बसून मांडलं. ओलिताच्या रात्री भावाशी आळीपाळी, म्हणजे एका माणसावर सगळ्या रात्री येणार नाहीत. बॅटरी पिवळसर, मंद. पहाटे घरी येऊन झोपताना डोळ्यांवर दुपट्टा आणि खिडकीला गोणपाट. लाइन दिवसाची असेल त्या आठवड्यात उठायची वेळ एकच, आणि उठल्यावर अर्धा तास उघड्यावर, कारण शरीराच्या घड्याळाला सकाळचा उजेडच जागेवर आणतो. चहा दुपारी तीनच्या आत. भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या मेलॅटोनिनच्या गोळ्या मात्र मी बाजूला ठेवायला लावल्या. भाऊंना रक्तदाबाचं औषध चालू आहे, त्यात आपल्या मनाने भर घालायची नाही, तज्ज्ञांना विचारूनच.

पाण्याचं काय, हे त्यांनी जाता जाता पुन्हा विचारलंच. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. इथल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. जिथे कॅल्शियम साठतं तिथे फ्लोराइड साठतं, या ग्रंथीतल्या कणांतही सापडतं. पण त्याने खरी, पाहून ओळखता येणारी हानी होते ती दातांची आणि हाडांची. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. "बोअरचं पाणी तपासून घ्या," मी म्हटलं, "पण पोरीच्या दातांसाठी." तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, वहिनींनी तिला सोबत आणलं होतं.

सहा आठवड्यांनी भाऊ परत आले. सलग पाच-साडेपाच तास झोप लागत होती. तज्ज्ञांनी दिलेली गोळी चालू होती. ओलिताच्या रात्रींनंतरचे दोन दिवस अजून जड जातात, तेही त्यांनी सांगितलं. पिशवीत सीटी स्कॅनचा कागद नव्हता. त्याच्या जागी पाणी तपासणीचा अहवाल होता. फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. वहिनी आता प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी नळयोजनेच्या टाकीवरून आणतात, आणि शेजारच्या दोन घरांनीही बाटल्या भरून तपासायला दिल्या आहेत.