पहिल्या सापळा खटल्याआधी

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

सरकारी वकील म्हणून हा तुझा पहिलाच सापळा खटला, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडल्याचा. परवा फोनवर तू म्हणालीस, "सर, तीन हजार रुपयांची लाच आणि एक तलाठी. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप? मोठे तर मोकळेच फिरतात." मी तेव्हा काही बोललो नाही. घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय.

तुझ्या फाईलमध्ये वारस नोंदीचं काम आहे. म्हणजे बाप गेलाय आणि सातबारा अजून त्याच्याच नावावर आहे. मुलाचं नाव लागेपर्यंत त्याला सोसायटीचं पीककर्ज मिळत नाही, विहिरीवरचं वीज कनेक्शन नावावर होत नाही, आणि अवकाळीनं रान झोपलं तरी भरपाई त्याच्या खात्यात येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू रानात ज्वारी काढणाऱ्याला तीन हजार जमवायला काय करावं लागतं, ते तुझ्या आजोळी कुणालाही विचार. कलेक्टर, मंत्री या माणसानं पेपरातच पाहिलेले असतात. त्याच्यासाठी सरकार म्हणजे गावचा तलाठी. आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तो तलाठीच. त्यानं हात पसरला की त्या घराच्या लेखी सगळ्या सरकारनंच हात पसरलेला असतो. मोठ्यांवर खटले व्हायलाच हवेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ते होत नाहीत म्हणून या मुलाच्या खटल्यात तू कमी राबावंस, हे मला पटणारं नाही.

आता कामाचं. फाईल उघडल्यावर तुझं लक्ष आधी नोटांकडे जाईल. सगळ्यांचंच जातं. नोटांना लावलेली अँथ्रासीन पावडर उघड्या डोळ्यांना दिसत नाही. सापळ्यानंतर खोलीची दारं-खिडक्या लावतात, अल्ट्राव्हायोलेट दिवा लावतात, आणि त्या माणसाच्या बोटांच्या पेरांवर, शर्टाच्या खिशाच्या आतल्या शिवणीवर निळसर चमक उमटते. मी पहिल्यांदा ते पंचनाम्यात वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, आता राहिलं काय सिद्ध करायचं? पण त्या पावडरीनं एवढंच ठरतं की नोटा त्याच्या हाताला लागल्या. त्या का लागल्या, हे तुलाच दाखवावं लागेल. बचावाची उत्तरं ठरलेली असतात: शेतसाऱ्याची बाकी होती, हातउसने दिलेले परत घेतले, मी नको म्हणत असताना यानं बळेच खिशात कोंबले. यातलं प्रत्येक उत्तर त्या निळ्या चमकेशी जुळतं.

म्हणून सगळा भार मागणीवर, म्हणजे त्यानं लाच मागितली हे दाखवण्यावर. सर्वोच्च न्यायालयानं बी. जयराज खटल्यात २०१४ साली आणि सत्यनारायण मूर्ती खटल्यात २०१५ साली हेच सांगितलं की मागणी शाबीत झाली नाही तर नुसत्या नोटा सापडून उपयोग नाही. पुढे तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तर काय, हा प्रश्न नीरज दत्ता खटल्यात घटनापीठापुढे गेला. १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात पीठानं म्हटलं की अशा वेळीही इतर साक्षीदार आणि परिस्थितीजन्य पुरावा यांवरून मागणी शाबीत करता येते. हा निकाल तुझ्या हाताशी असू दे, पण त्यावर विसंबून झोपू नकोस. तेच प्रकरण पुढे दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे आलं, तेव्हा मार्च २०२३ मध्ये मागणी शाबीत होत नाही म्हणून खुद्द नीरज दत्ता निर्दोष सुटल्या. हे दोन्ही निकाल एकापाठोपाठ एक वाच. दुसरा सावकाश वाच.

मागणी कशी निसटते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्नाटकाच्या सीमेलगतचं एक गाव. तक्रारदाराच्या घरात कानडी, आरोपीही कानडी चांगली बोलणारा. सापळ्याच्या दिवशी पंच क्रमांक एक तक्रारदारासोबत आत गेला. तो दुसऱ्या खात्यातला कारकून होता, मूळचा माढ्याकडचा. आरोपीनं एवढंच विचारलं, "तंदीरेनु?" म्हणजे "आणलं का?" तक्रारदारानं नोटा काढल्या, त्यानं घेतल्या, बाहेर येऊन तक्रारदारानं ठरल्याप्रमाणे रुमालानं तोंड पुसलं, पथक आत गेलं. पंचनाम्यात स्वच्छ मराठीत वाक्य आलं: "आरोपीने लाचेच्या रकमेची मागणी केली."

उलटतपासात बचावाच्या वकिलांनी पंचाला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला कानडी येतं का?" पंच प्रामाणिक माणूस, तो म्हणाला, "नाही." मग मागणी केली हे तुम्हाला कसं कळलं? "तक्रारदारांनी नंतर सांगितलं." त्यांनी बसण्याआधी वारसांच्या प्रतिज्ञापत्राचा विषय काढला. ते आणायलाही आरोपीनं सांगितलंच होतं, आणि ते त्या वेळी तक्रारदाराच्या पिशवीत होतं. "आणलं का" हा प्रश्न मग कागदाबद्दल होता की पैशाबद्दल?

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वापरण्याजोगं राहिलं नव्हतं. सापळ्याच्या आदल्या दिवशी पडताळणी, म्हणजे लाच खरंच मागितली जातेय का याची खातरजमा, झाली होती. त्या रेकॉर्डिंगमध्ये आरोपी "रोक्क" म्हणाला होता. रोक्क म्हणजे पैसे, आणि त्यानं आकडाही सांगितला होता. पण रेकॉर्डिंगची लेखी प्रत थेट मराठीत केलेली. मूळ कानडी शब्द कागदावर कुठेच नव्हते, भाषांतर कुणी केलं याची नोंद नव्हती, आणि तो भाषांतरकार साक्षीदारांच्या यादीतही नव्हता. मी ते रेकॉर्डिंग स्वतः कानानं ऐकलं होतं का? नव्हतं ऐकलं. टाईप केलेला कागद वाचला होता. आरोपी सुटला. न्यायाधीशांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर जे आलं त्यावर दुसरा निकाल होऊ शकत नव्हता.

तू सोलापुरात वकिली करतेस. इथं एका गल्लीत मराठी, पलीकडे तेलुगू, पुढच्या पेठेत उर्दू, आणि अक्कलकोटच्या बाजूला गेलीस की घराघरात कानडी. म्हणून दोषारोपपत्र हातात आलं की पहिलं काम: रेकॉर्डिंग स्वतः ऐक, पडताळणीचं आणि सापळ्याचं, दोन्ही. बोलतात त्याच भाषेतले शब्द लेखी प्रतीत आहेत का, ते ताड. भाषांतर असेल तर ते करणारा कोर्टात उभा राहणार आहे का, ते बघ. आणि लाच हा शब्द कुणी उच्चारत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. "बघा की जरा", "वर पण द्यावं लागतंय", "तेवढं राहिलंय तुमचं", असंच बोललं जातं. असं प्रत्येक वाक्य कुठल्या कामाशी आणि कुठल्या आकड्याशी जोडलेलं आहे, हे तक्रारदाराच्या तोंडून सरतपासातच, म्हणजे तू त्याची साक्ष घेतेस तेव्हाच, यायला हवं. काम त्या दिवशी कुठं अडलं होतं, तेही कागदावरून दाखव: अर्ज कधी दिला, फेरफार नोंद धरली होती का, मंडळ अधिकाऱ्याकडे गेली होती का. "काम माझ्याकडे प्रलंबितच नव्हतं" हा बचाव तिथंच ढासळतो. काम कायदेशीर होतं, तो ते करणारच होता, असंही म्हणतील. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ७ मध्ये त्याचं उत्तर आहे, काम रीतसर केलं असलं तरी गैरलाभ घेणं हाच गुन्हा. त्याला किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं शिक्षा आहे.

सरकारी नोकरावर खटला भरायला लागणारा मंजुरी आदेश, प्रमाणपत्र, मुद्देमालाची सीलं यांबद्दल फार लिहीत नाही, ते तू पुस्तकातून शिकशील. एकच सांगतो. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला साक्षीआधी विचार की त्यांनी कागद खरंच वाचले होते का. तपास यंत्रणेनं पाठवलेल्या मसुद्यावर जशीच्या तशी सही झालेली असली तर उलटतपासात ते उघडं पडतं. आणि रेकॉर्डिंगसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, त्याचे दोन्ही भाग, जागेवर आहेत का ते आजच बघ. २०२० च्या अर्जुन खोतकर निकालानंतर या बाबतीत कोर्ट ढिलाई चालवून घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तक्रारदाराला दे. कायदा म्हणतो की खटला शक्यतो दोन वर्षांत संपवा. प्रत्यक्षात काय होतं ते तू रोज बघतेस. तेवढ्या वर्षांत त्याची नोंद झालेली असते, राग विझलेला असतो, आणि आरोपीचा कुणी पाहुणा त्याच्याच गावात राहत असतो. जत्रेत, लग्नात, सोसायटीच्या ओट्यावर लोक त्याला म्हणतात, "लेकराबाळांचा माणूस आहे, सोडून दे." माझा एक तक्रारदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "ते पैसे मी हातउसने घेतलेले परत केले." मी त्याला फितूर घोषित करून घेतलं, सूचक प्रश्न विचारले, सगळं रीतीप्रमाणे केलं. पण त्या दिवशी घरी जाताना मला उमगलं की दोषारोपपत्र आल्यापासून साक्षीच्या सकाळपर्यंत मी त्याला एकदाही भेटलो नव्हतो. त्याला वाटत होतं आपण सापडलोय. पैसे आपणच दिले, म्हणजे आपल्यालाही शिक्षा होईल, असं त्याला गावात कुणीतरी सांगितलं होतं. आधी लाचलुचपत खात्याला कळवून सापळ्यात पैसे देणाऱ्याला लाच देण्याबद्दलचं कलम ८ लागत नाही, एवढं एक वाक्य मी त्याला वेळेवर सांगितलं असतं तर कदाचित तो टिकला असता. ती खंत अजून जात नाही.

म्हणून त्याला आधीच बोलाव. त्याची तक्रार त्याला वाचू दे, रेकॉर्डिंग ऐकव, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून सांगायची मोकळीक दे. पढवू मात्र नकोस. पढवलेला साक्षीदार उलटतपासात दहा मिनिटांत कळतो, आणि ते पापही आहे. सापळ्यात वापरलेले पैसे त्याला परत मिळाले का, ते विचार. साक्षीचा भत्ता त्याच दिवशी हातात पडेल असं बघ. तारीख लांबली तर तू स्वतः फोन कर, म्हणजे बिचारा पहाटेच्या एस.टी.नं येऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उपाशी बसून परत जाणार नाही.

आरोपीबद्दलही लिहितो. व्हरांड्यात त्याची बायको बसलेली असेल, कधी कॉलेजातली मुलगीही. त्यांच्याकडे बघून तुला वाईट वाटेल, आणि वाटू दे. त्याला "अहो" म्हण, त्याच्या घराबद्दल एक शब्द बोलू नकोस, पुराव्यात नसलेली त्याची ख्याती युक्तिवादात आणू नकोस. त्याच्या बाजूचा एखादा कागद तपासात दबलेला दिसला तर तो तूच कोर्टापुढे ठेव. सरकारी वकिलानं माणसाला अडकवायचं नसतं, घडलेलं समोर आणायचं असतं. हे करून तुझा पुरावा उभा राहिला तर शिक्षा मागताना तुझा आवाज कापणार नाही.

उद्या कोर्टाला जाण्याआधी तासभर काढ. दार लावून, हेडफोन लावून दोन्ही रेकॉर्डिंग ऐक, लेखी प्रत समोर ठेवून. ऐकून झालं की संध्याकाळी मला फोन कर. तक्रारदाराचं गाव कुठल्या बाजूचं आहे आणि तो घरात कुठली भाषा बोलतो, ते आधी सांग.

तुझा,
सर