आठवणीतलं घर रंगवायचंय? आधी फोटो कपाटात ठेव

अरे भाऊ, नागपूरच्या महाल भागातला आजोबांचा वाडा रंगवून राहिला ना तू, मग पहिलीच चूक तीच जी आम्ही सगळ्यांनी केली, फोटो समोर ठेवून बसलास. फोटो समोर आला की आठवण गप्प बसते. बोनार हा फ्रेंच चित्रकार जागेवर पेन्सिलचं बारकं टिपण घ्यायचा न् नंतर स्टुडिओत आठवणीनं रंगवायचा, बायको म्हातारी झाली तरी चित्रात तरुणच, आता याला खोटं म्हणशील का?

सुरुवातीला एवढंच कर:

- चारकोलनं दहा मिनिटांत वाडा काढ, खोडरबर लांब ठेव.
- मग आत्याला विचार विहीर कुठे होती. ती दुसरीकडेच सांगेल, भांडू नको, तिचा वाडा वेगळ्या कागदावर काढ. दोन्ही शेजारी लाव, चित्र तिथंच सुरू होते.
- जे आठवत नाही तिथं कागद कोराच सोड. नवीन पोरं तिथं हमखास कुंडी नाहीतर मांजर टाकतात.
- तीनच रंग घे, पांढरा वेगळा.

आणि जुनं दाखवायला सगळं तपकिरी करू नको बावा! मे महिन्यातली नागपूरची दुपार कधी तपकिरी असते का, डोळे दिपवणारी पांढरी असते. माझी पहिली पाच-सहा चित्रं चहात बुडवल्यासारखी होती, अजून माळ्यावर पडली आहेत.

ग्लेझिंग (पातळ पारदर्शक रंगाचे थर), टेक्स्चर वगैरे आत्ता नको. दहा कागद खराब कर, मग बोलू.