नवीन बाईकचा एबीएसचा दिवा विझतच नाही, काय करावं?

गाडी लगेच सर्व्हिस सेंटरला न्या आणि तक्रार जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहूनच घ्या. गाडी वॉरंटीत आहे, पैसे देऊ नका. मी दुचाकी दुरुस्तीचं काम करतो. दिवा पेटलेला राहिला म्हणजे एबीएस, म्हणजेच जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद पडलंय. साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाक जाम होऊन गाडी घसरेल. तोवर हळू चालवा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. बहुतेकदा दोष चाकाजवळच्या स्पीड सेन्सरचा असतो: टोकावर चिखल, सैल कनेक्टर, किंवा डिस्कच्या आतली खाचांची रिंग वाकलेली. कधी फ्यूज, कधी उतरलेली बॅटरी. स्कॅनर लावून एरर कोड काढायला सांगा, नुसता दिवा घालवून गाडी परत घेऊ नका.

मात्र चावी फिरवल्यावर दिवा लागणं आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणं, हा बिघाड नाही. मेन स्टँडवर मागचं चाक फिरवलं तरी तो पेटू शकतो; गाडी बंद-चालू करून थोडं चालवून बघा. दोन-तीनदा नेऊनही दोष तसाच राहिला तर जॉब कार्डांच्या प्रती जोडून कंपनीला ईमेल करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.