भाड्याच्या घरात कमी पैशात, हातानेच सजावट कशी करावी?

मी इंदूरचीच, म्हणून आधी आईचं कपाट उघडायला सांगेन. जुनी महेश्वरी साडी (आमच्याकडच्या महेश्वरची, रेशीम-सुती विणीची) सापडली तर पडद्यांचा प्रश्न मिटलाच. साडी साधारण 18 फूट लांब. दाराचे साडेसात फुटांचे दोन पडदे कापलेत की तीनेक फूट उरतं, त्यात 16 इंची उशीचे दोन अभ्रे बसतात. महेश्वरीचा काठ बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे कोणतीही बाजू पुढे घेता येते. वर दांडीसाठी तीन इंच दुमडा. मागे सुती अस्तर मात्र लावाच. मी आळस केला आणि एका उन्हाळ्यात उन्हाने रेशीम विरलं. (आईने अजून माफ केलेलं नाही.)

भिंतीत खिळे ठोकू देत नसतील तर भरतकामाच्या लाकडी रिंगेत बाग प्रिंटचे (मध्य प्रदेशातल्या बाग गावच्या, लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाचे) तुकडे ताणून बसवा, मागचं जास्तीचं कापड कापा आणि चिकट हुकाला अडकवा. लाल-काळी नक्षी पांढऱ्या भिंतीवर उठून दिसते. एकाच भिंतीवर पाच-सहा लावा, घरभर विखरू नका. बाटल्या रंगवण्याच्या फंदात मी पडत नाही, धूळच जास्त बसते.