घर दुसऱ्याच्या नावावर असले तरी: कौटुंबिक हिंसाचाराविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: आम्ही राहतो तो फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. नवरा मारहाण करतो आणि सासूबाई म्हणतात, "घर माझं आहे, चालती हो." मला खरोखरच जावे लागेल का?

उत्तर: तुम्हाला असे हाकलून देता येणार नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याच्या कलम 17 नुसार, ज्या घरात तुम्ही सून म्हणून नांदलात त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, मग त्या घराच्या कागदावर तुमचे नाव असो वा नसो. घर सासूचे किंवा सासऱ्यांचे असेल तर हा हक्क मिळत नाही, असे पूर्वी मानले जाई. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ती भूमिका बदलली. मात्र हा मालकी हक्क नव्हे. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालय करते आणि परिस्थितीनुसार नवऱ्याला तुमच्यासाठी तशाच दर्जाचे दुसरे घर देण्यास किंवा त्याचे भाडे भरण्यास सांगू शकते. एक विनंती कळकळीने करते: "मी स्वखुशीने घर सोडत आहे" अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. जिवाला धोका असेल तर मात्र आधी बाहेर पडा. जीव वाचवण्यासाठी घर सोडल्याने हा हक्क जात नाही.

प्रश्न: पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतली. सासर पुण्यात आहे, मी सध्या लातूरला माहेरी आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि पुण्याला खेपा घालणेही शक्य नाही.

उत्तर: पुण्याला जाण्याची गरज नाही. वरच्याच 2005 च्या अधिनियमाच्या कलम 27 नुसार, तुम्ही तात्पुरत्या राहत असलेल्या ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही कलम 12 खालचा, म्हणजे संरक्षण, निवास, पोटगी मागण्याचा अर्ज करता येतो, म्हणजे तो लातूरलाच होईल. त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदलेला असावा लागत नाही. एनसीची प्रत तेवढी जपून ठेवा. वकिलासाठी न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावरही माहिती मिळते.

अर्ज भरायला संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) मदत करतात. त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी घरी एका वहीत तारीखवार लिहून काढा: कोणत्या दिवशी मारले, कशाने मारले, त्या वेळी घरात कोण होते, कोणत्या दवाखान्यात गेलात, दागिने कोणी ठेवून घेतले. "सतत छळ करतात" या एका वाक्यापेक्षा "दिवाळीच्या आदल्या रात्री लाटण्याने मारले, शेजारच्या काकूंनी दार वाजवले" हे वाक्य न्यायालयात कितीतरी अधिक टिकते. आणि मूळ अर्जासोबत कलम 23 खालचा अंतरिम अर्ज (अंतिम निकाल लागेपर्यंत तात्पुरता दिलासा मागणारा) शपथपत्रासह त्याच दिवशी द्या, कारण पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि तोवर घरभाडे आणि मुलांची फी थांबून राहत नाही. परिस्थिती गंभीर दिसल्यास न्यायालय समोरच्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही तात्पुरता आदेश देऊ शकते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मागा. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने तसेच ठरवून दिले आहे.

प्रश्न: मला संरक्षण आदेश मिळाला आहे, तरी नवरा माझ्या कामाच्या ठिकाणी येऊन धमकावतो. पुन्हा नवा अर्ज करायचा का?

उत्तर: आधी आदेशाचा मजकूर वाचा. त्यात कामाच्या ठिकाणी येण्यास आणि फोन करण्यास स्पष्ट मनाई असेल तर हे येणे हाच कलम 31 खालचा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणून "ही घरगुती बाब आहे" असे सांगून पोलिसांना तुम्हाला परत पाठवता येत नाही. आदेशाची प्रत न्यायालयाने विनामूल्य द्यायची असते. तिची एक झेरॉक्स पर्समध्ये आणि एक कामाच्या ठिकाणी ठेवा. तो दारात उभा असेल तेव्हा 112 ला फोन करा. मजकुरात कामाच्या ठिकाणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर आदेशात बदल करून घेण्यासाठी कलम 25 खाली अर्ज द्यावा लागेल.

प्रश्न: माझे वय 63 आहे. मुलगा दारू पिऊन अंगावर धावून येतो. हा कायदा फक्त सुनांसाठी आहे का?

उत्तर: नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, सगळ्यांसाठी तो आहे. मुलाला त्या घरातून बाहेर राहण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज लिहिताना हात थरथरणारच, हे मी जाणते. म्हणून पहिल्यांदा 181 या महिला मदतवाहिनीवर किंवा संरक्षण अधिकाऱ्यांशी नुसते बोलून घ्या. तेवढ्याने तुमच्यावर अर्ज करण्याचे बंधन येत नाही.