ईमेलसाठी संपादक निवडताना
आपण नव्यानेच ईमेल प्रोग्राम वापरू लागला आहात, तेव्हा मजकूर लिहिण्यासाठी कोणता संपादक (मजकूर टंकण्याचा प्रोग्राम) घ्यावा याविषयी परस्परविरोधी मते कानावर पडतील. त्यांनी गोंधळून जाऊ नये. मट हा ईमेल प्रोग्राम वापरणारे अनेक जण त्याला विम किंवा ईमॅक्स हे संपादक जोडतात, कारण दिवसभर ज्या कळांची सवय झालेली असते त्यांनीच पत्रही लिहिता यावे, ही त्यांची अपेक्षा मला अगदी रास्त वाटते. अल्पाइन या ईमेल प्रोग्राममधील पिको हा संपादक मात्र आज्ञा पडद्याच्या तळाशीच दाखवतो, म्हणून सुरुवातीला तोच सोपा जातो. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये शिफ्ट दाबून नवा संदेश उघडल्यास साधा मजकूर आणि एचटीएमएल (रंग, ठळक अक्षरे अशी सजावट असलेला मजकूर) यांत अदलाबदल होते. साध्या मजकुराची ओळ ७८ अक्षरांच्या आत राहते का, हे आवर्जून तपासावे. ईमेल संदेशांच्या रचनेचे मानक असलेल्या आरएफसी ५३२२ ची शिफारस तीच आहे.