अर्धी मान्यता आली, आता पुढे काय?

प्रश्न : मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका घेतलेली नर्स आहे. आठ वर्षं रुग्णालयात नोकरी करते आहे, त्यातली शेवटची पाच अतिदक्षता विभागात. जर्मनीत नर्स म्हणून जायचं आहे, त्यासाठी कागदपत्रं पाठवली होती. आता पत्र आलं आहे की माझं शिक्षण तिथल्या शिक्षणाशी पूर्ण समकक्ष नाही. वृद्धांची शुश्रूषा, मानसिक आजार आणि रुग्णाच्या घरी जाऊन करायची शुश्रूषा, या तीन ठिकाणी कमतरता दाखवली आहे. एजंट म्हणतो, अर्ज फेटाळला, आता दुसरा देश बघू. ताई, माझं शिक्षण खरंच कमी पडलं का?

उत्तर : तुमचा अर्ज फेटाळलेला नाही. एजंटने पत्र नीट वाचलेलं दिसत नाही, किंवा वाचूनही तुम्हाला सांगितलेलं नाही. पत्राची प्रत तुम्ही सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की कमतरता भरून काढल्यावर तुम्हाला नर्स म्हणून काम करण्याचा परवाना मिळू शकतो. यालाच अंशतः मान्यता म्हणतात. जर्मनीबाहेर शिकलेल्या कितीतरी नर्सना आधी असंच पत्र येतं आणि पुढे त्या तिथे पूर्ण परवान्यावर काम करतात.

आता या कमतरता कुठून आल्या ते बघा. जर्मनीत पूर्वी सर्वसाधारण, लहान मुलांची आणि वृद्धांची शुश्रूषा असे तीन वेगळे अभ्यासक्रम होते. २०२० पासून ते एकत्र केले. तीन वर्षांत किमान २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ, आणि त्यात वृद्धाश्रम, घरी जाऊन करायची शुश्रूषा, मनोरुग्ण विभाग हे सगळं आलं. जिथे वृद्धांची काळजी घरातच घेतली जाते, तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात या विषयाला स्वतंत्र तास फारसे नसतात. तुमच्या हुशारीशी याचा काही संबंध नाही.

मी स्वतः बरीच वर्षं परदेशी पदव्यांच्या फायली तपासल्या आहेत, म्हणून आत काय घडतं ते सांगते. तपासणारा आधी संस्था मान्यताप्राप्त होती का ते बघतो. मग प्रवेशासाठी किती शिक्षण लागत होतं, अभ्यासक्रम किती वर्षांचा, आणि त्या प्रमाणपत्रावर त्या देशात पुढे काय करता येतं. नर्स, डॉक्टर, औषधनिर्माता अशा परवान्याच्या व्यवसायांत तो इथे थांबत नाही, विषयवार आणि तासवार खाली उतरतो. आता तुमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे विषयवार गुणपत्रकात बघा : ‘मेंटल हेल्थ नर्सिंग’ आणि पुढे फक्त गुण. तास नाहीत, कुठल्या वॉर्डात किती आठवडे काम केलं त्याचा पत्ता नाही. तपासणाऱ्याला अंदाजाने तास भरता येत नाहीत. कागदावर जे नाही ते शून्य धरलं जातं. तुम्ही केलेलं काम असं कोऱ्या रकान्यात हरवू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून पहिलं काम हे : तुमच्या कॉलेजकडून प्रात्यक्षिकाच्या तासांचा वॉर्डवार दाखला मागा. नोंदवह्या जुन्या झाल्या म्हणून टाळाटाळ होईल, तरी पाठपुरावा सोडू नका.

दुसरं काम अनुभवाच्या दाखल्याचं. नोकरीतल्या अनुभवाने शिक्षणातली कमतरता भरून निघू शकते, तशी तिथल्या कायद्यात तरतूदच आहे. पण तुम्ही जोडलेल्या दाखल्यात ‘यांनी प्रामाणिकपणे सेवा केली’ एवढंच आहे. त्याने काही सिद्ध होत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठला विभाग, आठवड्याला किती तास, कसले रुग्ण, तुमच्या हातात कोणती कामं होती, हे सगळं हवं. अतिदक्षता विभागात तुम्ही सत्तरी-ऐंशीतले किती रुग्ण सांभाळले असतील! अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं, नळीतून अन्न देणं, भ्रमात गेलेल्या आजोबांना सावरणं. हे वृद्धांच्या शुश्रूषेचंच काम आहे, आणि ते दाखल्यात तसं लिहिलं पाहिजे.

एवढं करूनही काही उरलं तर दोन वाटा आहेत, आणि निवड तुमची. एक, तिथे जाऊन कमी पडलेल्या विषयांचं प्रशिक्षण घ्यायचं. शेवटी चर्चेच्या स्वरूपात चाचणी होते. दुसरी, थेट तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. तुमच्यासारख्या कामात मुरलेल्या बाईने परीक्षा द्यावी असं मी म्हणेन, पण जर्मन पक्की असेल तरच. परवान्यासाठी बी-टू पातळीची, म्हणजे कामापुरतं सहज बोलता-लिहिता येईल इतकी भाषा लागतेच. या तयारीच्या काळासाठी वेगळा व्हिसाही असतो. आणि पत्राच्या शेवटच्या पानावर हरकत घेण्याची मुदत दिलेली असते, बहुधा एक महिना. आजच ती तारीख बघा. मूळ प्रमाणपत्रं एजंटच्या ताब्यात असतील तर ती परत घ्या.

प्रश्न : माझी बी.कॉम. तीन वर्षांची. युरोपातल्या एका विद्यापीठाने मास्टर्सच्या अर्जावर ‘पदवी समकक्ष नाही’ एवढंच कळवलं. अमेरिकेतल्या एका मूल्यांकन संस्थेने मात्र तीच पदवी तिथल्या बॅचलरच्या बरोबरीची ठरवली आहे. तो रिपोर्ट विद्यापीठाला पाठवू का?

उत्तर : त्याचा उपयोग होणार नाही. अमेरिकेत सरकार परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करत नाही. ते काम खासगी संस्था करतात आणि त्यांचा रिपोर्ट हे त्यांचं मत असतं. एकाच पदवीवर दोन संस्थांची दोन मतंही पडतात.

तीन वर्षं हे कारण असेल असं मला वाटत नाही. युरोपात अभ्यासाचं मोजमाप क्रेडिटमध्ये करतात, वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि १८० क्रेडिटची, म्हणजे तीन वर्षांची बॅचलर तिथे सर्रास असते. बहुतेक एखाद्या विषयाचे, समजा संख्याशास्त्राचे, क्रेडिट कमी पडले असतील. पण तुम्ही-आम्ही तर्क का करायचा? विद्यापीठाला लेखी विचारा : नेमका फरक कशात आणि तो कसा भरून काढता येईल. पदव्यांच्या मान्यतेबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन कराराने युरोपात ही रीत घालून दिली आहे. नुसता फरक आहे म्हणून मान्यता नाकारायची नाही, फरक मोठा आहे हे तपासणाऱ्याने दाखवायचं आणि कारण सांगायचं. हा करार तो मानणाऱ्या देशांपुरता आहे, पण तिथल्या अनेक कार्यालयांचं काम याच धर्तीवर चालतं. त्या देशाच्या ‘एनिक-नारिक’ केंद्रालाही ईमेल करा. परदेशी पदव्यांची माहिती देणं हे त्यांचं कामच आहे.

प्रश्न : पदवीवर ॲपोस्टील करून घेतलं आहे. आता वेगळ्या मूल्यांकनाची गरज नाही ना?

उत्तर : गरज आहे. ॲपोस्टीलने सही-शिक्का खरा आहे एवढंच ठरतं. पदवी कुठल्या पातळीची, हे त्यात कोणी बघत नाही. ज्या कार्यालयात अर्ज करायचा आहे त्यांना आधी विचारा, मूल्यांकन कोणाचं चालेल आणि किती जुनं चालेल. कॅनडात कायम वास्तव्याच्या अर्जासाठी केलेला रिपोर्ट पाच वर्षं ग्राह्य धरतात. म्हणून कागद हातात आहेत तेवढ्यावर घाईने पैसे भरू नका.